ज्यांचा देव आपला नव्हे

धर्माचा अभ्यास करायला एखाद्या गावात किंवा वस्तीत राहायला निघालेल्या मानवशास्त्राच्या विद्यार्थ्याला निघण्यापूर्वीच एक पथ्य सांगितले जाते. तिथल्या लोकांचे देव, पितर, भुतेखेते, करणी हे खरे की खोटे, याचा निवाडा आपण करायचा नाही. लोक काय मानतात, काय करतात आणि त्यातून त्यांचा संसार, शेती, भांडणे, नातीगोती कशी चालतात एवढे पाहायचे. देव आहे की नाही हा प्रश्न तत्त्ववेत्त्यांकडे सोपवून द्यायचा. हे पथ्य येण्यापूर्वी काय चालत होते ते आठवले म्हणजे त्याची किंमत कळते. जेम्स फ्रेझर यांनी 1890 मध्ये ‘द गोल्डन बाउ’ हा ग्रंथ काढला तो मिशनरी, प्रवासी आणि अंमलदार यांनी लिहून ठेवलेल्या मजकुरावर, पुस्तकांच्या सोबतीत बसून. आणि जादू म्हणजे चुकलेले विज्ञान, हा निकाल त्यांनी ती जादू करणाऱ्यांत एक दिवसही न राहता दिला. अशा निकालांपासून माणसांना वाचवायचे तर पथ्य हवेच. तरीही ते पुरे पडत नाही असे मला वाटते, आणि ते का पुरे पडत नाही हा केवळ अभ्यासपद्धतीचा प्रश्न नाही. दुसऱ्याचा धर्म कळणे म्हणजे नेमके काय कळणे, हा जुना तात्त्विक प्रश्न त्याच्या पोटात आहे. माझे म्हणणे असे की निवाडा पुढे ढकलता येतो, पण उभे राहण्याची जागा घेणे पुढे ढकलता येत नाही. क्षेत्रात पाऊल टाकताच लोक अभ्यासकाला एक जागा देतात, त्या जागेबरोबर काही कर्तव्ये येतात, आणि ती निभावताना किंवा चुकवताना जे कळते त्यातूनच तिथला धर्म समजू लागतो.

याचा सर्वांत भक्कम पुरावा एडवर्ड इव्हान्स-प्रिचर्ड यांच्या 1937 साली प्रसिद्ध झालेल्या, अझांदे लोकांच्या करणी-कौलाविषयीच्या पुस्तकात आहे. अझांदे आज दक्षिण सुदान, काँगो आणि मध्य आफ्रिकी प्रजासत्ताक या तीन देशांत विखुरले आहेत. इव्हान्स-प्रिचर्ड 1926 ते 1930 या वर्षांत त्यांच्यात अनेकदा जाऊन राहिले, ते सुदानच्या बाजूला, इंग्रजी अमलाखालच्या मुलखात. त्यांनी दिलेले धान्याच्या कोठीचे उदाहरण पुढे तत्त्वज्ञानाच्या वर्गांतही पोहोचले. कोठी खांबांवर उभारलेली असते. दुपारच्या उन्हात लोक तिच्या सावलीला बसतात, गप्पा मारतात, हातातले काम करतात. एखादे दिवशी खांब मोडतो, कोठी कोसळते, खालची माणसे जखमी होतात. खांब वाळवीने पोखरला होता हे अझांदे माणसाला चांगले ठाऊक असते. लोक सावलीसाठी तिथे बसले होते हेही त्याला माहीत असते. पण हीच माणसे खाली असताना, याच घटकेला, कोठी का पडली? इथे आपण योगायोग म्हणून हात झटकतो. अझांदे म्हणतात, कोणाची तरी करणी. म्हणजे कार्यकारणभाव त्यांना कळत नाही असे मुळीच नाही. वाळवी आणि करणी ही दोन्ही उत्तरे त्यांच्याकडे एकत्र नांदतात, आणि दुसरे उत्तर महत्त्वाचे ठरते कारण वाळवीशी बोलता येत नाही, शेजाऱ्याशी येते. या एका निरीक्षणाने आदिवासी माणूस तर्कशून्य असतो या समजुतीचा पायाच निखळला.

हे निरीक्षण आले कुठून? माणसांना बसवून ‘तुम्ही करणी मानता का?’ असे विचारून ते हाती लागले नसते. अझांदे करणीचा माग काढतात तो कौल लावून, आणि त्यांचा सर्वांत विश्वासाचा कौल विषाचा. एका वेलीपासून काढलेले, स्ट्रिक्निनच्या जातीचे हे विष दूरच्या रानातून, नदी ओलांडून, वाटेत पथ्ये पाळत आणावे लागे. कौल लावणाऱ्यालाही स्त्रीसंग आणि काही खाणी वर्ज्य असत. वस्तीपासून दूर, झाडीत बसून कोंबडीच्या पिलाला विष पाजायचे आणि विषाला उद्देशून बोलायचे: अमक्याने माझ्यावर करणी केली असेल तर पिलू मार, केली नसेल तर सोड. पिलू मेले तरी काम संपत नाही. दुसरे पिलू घेऊन प्रश्न उलटा करायचा: करणी खरी असेल तर याला सोड, खोटी असेल तर मार. दोन्ही उत्तरे जुळली तरच कौल पक्का. इव्हान्स-प्रिचर्ड हे बाजूला बसून टिपून घेत राहिले नाहीत. आपल्या घरचे विष त्यांनी बाळगले, आपले आणि नोकरांचे व्यवहार कौल लावून ठरवले, आणि घर चालवण्याची ही रीत इतर कोणत्याही रीतीइतकीच समाधानकारक ठरली असे लिहून ठेवले. त्यातून त्यांना कळले ते असे, की कौलाने एकदा दिशा दिली की पुढची प्रत्येक पायरी शहाणपणाची वाटते. कोणाला बरोबर घ्यायचे, कधी निघायचे, कोणाकडे निरोप धाडायचा, हे सगळे त्यातून ओघाने येते. कौल चुकला तर विष शिळे होते, पथ्य मोडले होते, कौलावरच कोणी करणी केली, अशी कारणे तयार असतात. बाहेरून ही पळवाट दिसते. कौल लावून घर चालवणाऱ्याला ती घरातल्या इतर कारणांसारखीच वाटते.

त्याच पुस्तकातला आणखी एक प्रसंग मला याहून मोलाचा वाटतो. कौलाने करणी करणाऱ्याचे नाव सांगितले की मेलेल्या पिलाचा पंख त्या माणसाकडे पाठवतात. निरोप्या पंख त्याच्यापुढे जमिनीवर ठेवतो आणि सांगतो, अमका आजारी आहे, त्याच्या कौलात तुमचे नाव निघाले. ज्याचे नाव निघाले तो चिडत नाही. निदान चिडणे शोभत नाही. तो पाण्याचा भोपळा मागवतो, तोंडात पाणी घेतो आणि पंखावर फुंकरीसारखे उडवतो. तोंडाने म्हणतो, माझ्या मनात त्याच्याविषयी काही नाही. माझ्या पोटात करणी असेल तर ती मला ठाऊक नाही, ती थंड होवो. यात तो माणूस काय ‘मानतो’? आपण करणी केली असे त्याला वाटत नाही, कारण त्याने काहीच केलेले नाही. आपल्यात करणी नाही अशीही त्याला खात्री नसते, कारण पोटातली करणी मालकाला न कळता काम करू शकते. त्याच्या मनाचा कौल घ्यायला गेलो तर हाती गोंधळच येईल. पण त्याने काय करायला हवे हे मात्र स्वच्छ आहे: पाणी फुंकायचे, आजाऱ्याचे भले चिंतायचे, शेजार मोडू द्यायचा नाही. धर्म इथे मतांच्या यादीत सापडत नाही. तो सापडतो तो एक माणूस दुसऱ्याचे काय देणे लागतो त्यात.

तत्त्वज्ञांनी या पुस्तकावर मोठा वाद घातला. करणी करणारे अझांदे समजतात तसे असूच शकत नाहीत, असे इव्हान्स-प्रिचर्ड यांनी पुस्तकात स्पष्ट म्हटले आहे. 1964 मध्ये पीटर विंच यांनी यालाच हरकत घेतली. त्यांचा मुद्दा असा होता की काय असते आणि काय नसते याचे माप प्रत्येक जीवनपद्धतीत आतून ठरते. विज्ञानाचे माप उचलून अझांदेंच्या व्यवहारावर लावणे म्हणजे एका खेळाचे नियम दुसऱ्या खेळाला लावणे. अ‍ॅलस्डेर मॅकिंटायर आणि इतरांनी यावर उलट विचारले, मग कोणत्याही समाजातल्या कोणत्याही समजुतीला चूक म्हणताच येणार नाही का? वाद अजून मिटलेला नाही. मला मात्र दोन्ही पक्ष एकाच ठिकाणी घसरलेले दिसतात. ज्या निरीक्षणांच्या जिवावर हा वाद उभा राहिला ती निरीक्षणे मिळवताना इव्हान्स-प्रिचर्ड यांनी ना विज्ञानाचे माप वापरले, ना आतले माप स्वीकारले. ते कौल लावणाऱ्या घराचे यजमान झाले. पुस्तकातले त्यांचे मत आणि क्षेत्रातले त्यांचे वागणे यांत अंतर आहे, आणि माझ्या दृष्टीने त्यांचे वागणे त्यांच्या मतापेक्षा अधिक शिकवते.

कोणी म्हणेल, अझांदेंनी इव्हान्स-प्रिचर्ड यांना प्रश्न विचारू दिले, वेगळेपण जपू दिले. म्हणजे तटस्थ राहता येतेच की. जान फाव्हरे-सादा यांचे काम वाचल्यावर हा युक्तिवाद टिकत नाही. 1969 पासून त्या पश्चिम फ्रान्समधल्या बोकाज या शेतकरी मुलखात राहिल्या. तिथल्या शेतकऱ्यांत करणीची भीती जिवंत होती. गायी मरतात, दूध आटते, अपघात होतात, बाई आजारी पडते, आणि एकामागून एक संकटे आली की कोणीतरी सुचवते, हे साधे नाही. पण अभ्यासक म्हणून विचारायला गेले की एकच उत्तर मिळे: असले आता कोणी मानत नाही, पूर्वीची माणसे मानायची, पलीकडच्या गावात विचारा. पूर्वीच्या लोककथा-संग्राहकांनी यावरून शेतकरी भोळा आणि लाजरा असतो असा अर्थ काढला होता. फाव्हरे-सादा यांना उमगले ते वेगळेच. तिथे करणीविषयी बोलणे हीच एक कृती असते. जो बोलतो तो तरी पिडलेला असतो, नाहीतर उतारा करणारा, नाहीतर करणी करणारा. केवळ माहितीसाठी विचारणारा असा चौथा माणूस त्या व्यवस्थेत नाहीच. शब्दाला तिथे धार आहे, म्हणून ज्याचा हेतू कळत नाही त्याच्याशी कोणी बोलत नाही. लोकांनी त्यांना बाधा झालेली बाई मानले, काहींनी उतारा करणारी मानले, तेव्हाच त्यांच्यापुढे तोंडे उघडली. त्या स्वतः एका उतारा करणाऱ्या स्त्रीकडे पीडित म्हणून बसू लागल्या. 1977 मध्ये आलेल्या त्यांच्या पुस्तकाचा कणा म्हणजे कोणत्या वेळी त्या कोणत्या जागी होत्या याचा हिशेब. करणी खरी असते असे त्या पुस्तकात म्हणत नाहीत. पण आपण त्यातून अलिप्त होतो असेही म्हणत नाहीत, कारण ते खोटे ठरले असते.

जागा फक्त परक्यालाच दिली जाते असे नाही. एम. एन. श्रीनिवास 1948 मध्ये म्हैसूर राज्यातल्या ‘रामपुरा’ गावात राहिले ते त्याच भाषेचे आणि त्याच मुलखाचे म्हणून. तरी गावाने त्यांना ब्राह्मणाची जागा दिली, ब्राह्मणाने कसे वागावे याची अपेक्षा त्यांच्यावर ठेवली, आणि गावातल्या दलित वस्तीशी त्यांचा संबंध त्यामुळे तोकडा राहिला, हे त्यांनी पुढे मान्य केले. इरावती कर्वे पंढरीच्या वाटेने दिंडीबरोबर चालल्या तेव्हाचा त्यांचा लेख मराठी वाचकाला परका नाही. ‘वाटचाल’ या नावाने तो ‘परिपूर्ती’त आहे आणि 1962 मध्ये तो इंग्रजीतूनही प्रसिद्ध झाला. विठ्ठल एक, दिंडी एक, वाट एक, मुखात तेच अभंग. पण मुक्कामाला पोहोचल्यावर ब्राह्मणांचा स्वयंपाक वेगळा आणि मराठ्यांचा वेगळा. कर्वे यांना हे सलत होते. त्या मराठा बायकांच्या पंगतीत जेवल्या, आणि जेवल्यावर त्या बायका त्यांचा हात धरून चालू लागल्या, आपल्या घरच्या गोष्टी सांगू लागल्या. मग त्यांच्यातल्या एका तरुण मुलीने विचारले, की पुण्याला आम्ही तुमच्याकडे आलो तर तेव्हाही तुम्ही आमच्याशी अशाच वागाल का? भक्तीवर लिहिलेल्या कितीतरी जाड ग्रंथांपेक्षा या प्रश्नात वारीच्या धर्माचे अधिक ज्ञान आहे असे मी म्हणेन. वारीत समता असते की नाही, हा वाद पोथीतून सुटत नाही. ती मुलगी समतेची मुदत विचारत होती. वाटेपुरती, की पंढरपूरच्या पलीकडेही? हा प्रश्न प्रश्नावलीत कोणालाही लिहिता आला नसता, कारण तो अभ्यासकाला उद्देशून होता आणि सोबत जेवलेल्या बाईलाच विचारता येण्यासारखा होता.

आता हरकतींकडे वळतो, कारण त्या हलक्या नाहीत. पहिल्या झटक्यात मनात येते ती अशी: श्रद्धा नसताना कौल लावायचा, पंगतीला बसायचे, उतारा करून घ्यायचा, हे सोंग झाले. ज्यांनी विश्वासाने घरात घेतले त्यांची ही फसवणूक आहे. हरकतीमागे एक गृहीत दडले आहे, की खरे श्रद्धावान जे करतात ते मनात पूर्ण खात्री बाळगूनच करतात. क्षेत्रातला पुरावा याच्या उलट आहे. इव्हान्स-प्रिचर्ड यांचा कमांगा नावाचा अझांदे सेवक त्यांच्याच सांगण्यावरून मांत्रिकाची विद्या शिकत होता. तिथले मांत्रिक आजाऱ्याच्या अंगाला पोटीस लावून चोळतात आणि आत शिरलेली वस्तू, कोळशाचा तुकडा वगैरे, बाहेर काढून दाखवतात. एकदा गुरू कमांगाच्या हाती देत असलेले पोटीस इव्हान्स-प्रिचर्ड यांनी बघण्याच्या निमित्ताने मध्येच घेतले आणि त्यात आधीच लपवलेला कोळसा गुपचूप काढून घेतला. कमांगा चोळत बसला, काहीच निघेना. हातचलाखी आहे हे कळल्यावर तो हादरला. पुढे मात्र इतर मांत्रिकांप्रमाणे तोही म्हणू लागला, की गुण येतो तो दिलेल्या औषधाने. वस्तू काढणे हे रोग्याच्या समाधानासाठी. मांत्रिकांतले बरेचसे लबाड असतात असे अझांदे स्वतःच मोकळेपणाने म्हणत, आणि तरीही खरे मांत्रिक असतातच हेही म्हणत. म्हणजे शंका ही बाहेरून आलेली वस्तू नव्हे. ती त्या व्यवहाराच्या आतच मुरलेली असते. अभ्यासकाच्या मनात खात्री नाही एवढ्याने त्याचा सहभाग खोटा ठरत नाही. खोटा ठरतो तो घेतलेल्या जागेची जबाबदारी टाळल्याने. कमांगाच्या पोटिसातला कोळसा काढून घेणे मला याच कारणाने टोचते. त्या प्रसंगातून हाती आलेले ज्ञान अमोल आहे, पण ते साहेबाने नोकरावर केलेल्या प्रयोगातून आले. उलट कोणी कमांगाने साहेबाच्या वैद्याची पेटी तपासली असती, असा प्रसंग त्या मुलखात घडूच शकत नव्हता.

दुसऱ्या बाजूने विज्ञानाची हरकत येते. सहभागातून येणारे ज्ञान खासगी असते, ते पडताळून कसे पाहायचे? यासाठी इडिथ टर्नर यांचे उदाहरण नेहमी पुढे केले जाते. पती व्हिक्टर टर्नर यांच्याबरोबर 1950 च्या दशकात त्यांनी आजच्या झांबियातल्या एन्देम्बू लोकांत काम केले होते. 1985 मध्ये त्या परत गेल्या आणि ‘इहाम्बा’ नावाच्या एका उपचारविधीत सामील झाल्या. मेलेल्या शिकाऱ्याचा दात आजाऱ्याच्या अंगात शिरून छळतो, तो बाहेर काढायचा, असा तो विधी. त्या वेळी आजारी बाईच्या पाठीतून राखाडी रंगाचा एक गोळा निघताना आपण पाहिला, असे त्यांनी 1992 च्या पुस्तकात लिहिले. त्यांच्या प्रामाणिकपणाबद्दल मला शंका नाही. पण त्या गोळ्याचे ज्ञान म्हणून काय करायचे, हे मला सांगता येत नाही, कारण त्यांनी जे पाहिले त्यात त्यांची चूक झाली असे कोणी म्हणूच शकत नाही. त्याच विधीतली दुसरी गोष्ट मात्र पडताळता येते. जमलेल्यांनी आपापल्या मनातली अढी, राग, रुसवा बोलून दाखवल्याशिवाय दात निघत नाही. आणि इडिथ टर्नर यांच्या स्वतःच्या मनातला सलही त्या गर्दीत बाहेर पडला, डोळ्यांतून पाणी आले, मगच पुढचे घडले. सहभागाची कसोटी इथे आहे. जागा घेतलेल्या माणसाला लोक टोकतात: असे बसू नकोस, हे अजून बोलली नाहीस, आधी तिकडे जा. टोकल्यावर तो सुधारतो, पुढच्या खेपेला कोणी न सांगता नेमके काय करायचे ते त्याला उमगते, किंवा पुन्हा चुकतो. यजमान ज्याला दुरुस्त करू शकतात ते ज्ञान खासगी राहत नाही. बाजूला उभे राहणाऱ्याला कोणी टोकत नाही. तो वर्षभर चुकत राहिला तरी त्याचे त्याला कळत नाही.

याच्या अगदी उलट दिशेने भाविकांची हरकत येते, आणि ती मला सर्वांत गंभीर वाटते. ज्याचे जळते त्यालाच कळते. अनुभव नसलेल्याने देवाविषयी लिहूच नये, असे आपल्या संतपरंपरेतही ठामपणे मानले आहे. इव्हान्स-प्रिचर्ड स्वतः 1944 मध्ये कॅथलिक झाले, आणि 1956 मध्ये त्यांनी नुएर लोकांच्या धर्मावर जे पुस्तक लिहिले त्यात ईश्वरासमोरच्या माणसाची नम्रता ज्या समजेने आली आहे ती अझांदेंवरच्या पुस्तकात नाही, असे अनेक जाणकारांना वाटते. मलाही तसे वाटते. स्वतःचा देव असलेल्या माणसाचे कान दुसऱ्याच्या प्रार्थनेला अधिक तयार असतात, हे मान्य करण्यात काही कमीपणा नाही. पण त्याच पुस्तकावर नुएर लोकांचा ईश्वर फार ख्रिस्ती दिसतो असा आक्षेपही आला, आणि तोही बिनबुडाचा नाही. अनुभव कान उघडतो, तसा तो ऐकलेले आपल्या सुरात बसवूनही घेतो. शिवाय एकाच देवाचे भक्त एकाच जागेवर उभे नसतात. पंढरीच्या वाटेवर अनुभवाची वाण कोणालाच नव्हती, तरी मराठा बायकांना दिंडीविषयी जे माहीत होते ते ब्राह्मण पंगतीतल्यांना माहीत नव्हते. तेव्हा भक्तांपैकी कोणाचा अनुभव, हे विचारावेच लागते, आणि ते विचारणे हे अभ्यासकाचे काम आहे, भक्ताचे नव्हे.

शेवटी ती हरकत, जिच्यापुढे कोणताही सुबक सिद्धांत अडखळतो. करणीच्या समजुतीत माणसे मरतात. सातपुड्यातल्या आदिवासी पाड्यांत बाईला डाकीण ठरवून मारहाण, हाकलून देणे, क्वचित जीव घेणे, हे घडत आले आहे, आणि अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते वर्षानुवर्षे त्याविरुद्ध झटत आहेत. 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा खून झाला, आणि ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी ते झगडले तो त्याच वर्षी महाराष्ट्रात आला. अशा ठिकाणी आतून समजून घेण्याची भाषा करणारा अभ्यासक मारणाऱ्यांच्या बाजूचा ठरत नाही का? ‘निवाडा करायचा नाही’ एवढेच पथ्य पाळणारा खरोखरच ठरतो, आणि म्हणूनच मला ते पथ्य अपुरे वाटते. ‘आत’ म्हणजे फक्त भगत आणि पंच नव्हेत. जिच्यावर आळ आला ती बाईही आतच आहे, तिचा भाऊ, तिची जमीन कोणाला हवी आहे ते, आणि भगताच्या बोलण्यावर मनातून विश्वास न ठेवणारे पण गप्प बसलेले शेजारीही आतच आहेत. अझांदेंकडे नाव निघालेल्याला पाणी फुंकून सुटायची वाट होती. कौल उलटा करून पुन्हा लावायची सोय होती. अमक्या पाड्यात अशी सुटकेची वाट पूर्वी होती का, आता का उरली नाही, आळ कोणावर येतो आणि कोणावर कधीच येत नाही, हे जागा घेऊन राहिलेल्यालाच दिसते. आणि जागा घेतली की त्या बाईच्या दारात कोणी काठ्या घेऊन आले असताना तिथे असणे हेही त्या जागेचे कर्तव्य होते. त्या घटकेला डाकीण असते की नसते हा प्रश्न अभ्यासकाला टाळता येत नाही. ‘नसते’ असे लोकांपुढे, त्यांच्या भाषेत म्हणावे लागते, आणि त्याची किंमत म्हणून पुढचे काम बंद पडले तर पडू द्यावे लागते. माहिती मिळवण्यासाठी जी जवळीक केली, तिने एवढे मागणे रास्तच आहे.

राहिला प्रश्न लिहिण्याचा. ब्रॉनिस्लाव मालिनोव्स्की यांनी 1922 च्या ग्रंथात अभ्यासकाला बजावले होते की पाहिलेले कोणते, लोकांनी सांगितलेले कोणते आणि आपण काढलेला अर्थ कोणता, हे वाचकाला वेगवेगळे दिसले पाहिजे. आधुनिक क्षेत्रीय अभ्यासाचा हा पायाच. पण ट्रोब्रियंड बेटांवर त्यांना लोकांचा आलेला संताप, तिटकारा, एकटेपणा यांतले फारसे काही ग्रंथात आले नाही. ते खासगी डायरीत राहिले आणि ती त्यांच्या मृत्यूनंतर, 1967 मध्ये, छापली गेली. त्या डायरीने पुष्कळांना धक्का बसला. मला खटकते ते एवढेच, की ग्रंथाचा वाचक पंचेचाळीस वर्षे एका बाजूचा हिशेब पाहत होता. इव्हान्स-प्रिचर्ड यांनी घर कौलावर चालवल्याची नोंद त्याच पुस्तकात, वाचकाच्या हाताशी ठेवली. म्हणूनच त्यांच्या साक्षीचे वजन आजही करता येते आणि कोळशाच्या प्रसंगाबद्दल त्यांना जाबही विचारता येतो. धर्मावरच्या प्रबंधात संशोधनपद्धतीचे प्रकरण सुरुवातीला एकदा उरकून टाकायची रूढी आपल्या विद्यापीठांत आहे: नमुना किती, मुलाखती किती, गाव कोणते. त्याऐवजी प्रत्येक विधीच्या वर्णनाशेजारीच लिहिलेले असावे की त्या दिवशी लेखकाला कुठे बसवले, कोणाच्या ताटात वाढले, कोणी टोकले, काय करायला सांगितले असता त्याने नाही म्हटले, आणि त्यानंतर कोणी त्याच्याशी बोलणे सोडले.